वाचकांचे प्रश्न : खाडीपलीकडचा ठिपका

मागच्या अंकात मोबाइलच्या लोकेशनवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात दुसरा विषय घेताच आला नाही. नव्या वाचकांसाठी सांगते. मी १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि जानेवारी २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. सुरुवातीची बरीच वर्षं कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडण्यात गेली. कोणाच्या घरी मुंबईहून रात्री अपरात्री फोन येतो, कोणाचा यायचा थांबला, हे आम्हा चौघीजणींना ठाऊक असायचं. पण ते बोर्डापाशीच राहायचं. १८८५ च्या तार कायद्यात निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती आणि आमच्या पर्यवेक्षिका पहिल्याच दिवशी ते कलम वाचून दाखवायच्या. लोकेशनचा विषय मला जवळचा वाटतो तो त्यामुळे.

पत्र पाठवणाऱ्यांची गावं मी बदलली आहेत. या विषयावर लिहायचं आणि बाईचं गाव छापायचं, हे मला पटत नाही.

काकू, मी निवृत्त शिक्षक, चिपळूणजवळ राहतो. फोनमधलं लोकेशन कायम बंद ठेवतो. मुलगा म्हणतो, बंद ठेवून काही उपयोग नाही, उपग्रहाला सगळं दिसतं. खरं काय?

गुरुजी, उपग्रहाला आधी निर्दोष सोडू या. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची जागा आणि वेळ सांगत फिरत असतात, एवढंच त्यांचं काम. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र बातम्या देतं तेव्हा तुमच्या माजघरातला रेडिओ चालू आहे की बंद, हे केंद्राला कळतं का? तसंच हे आहे. तुमचा फोन निदान ४ उपग्रहांचं ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचं गणित स्वतःच सोडवतो. चुगली होते ती त्यानंतर, त्या गणिताचं उत्तर एखादं अ‍ॅप इंटरनेटवरून बाहेर धाडतं तेव्हा.

टॉवरची गोष्ट निराळी. तुम्हाला आलेला फोन वाजवायचा तर तुम्ही कोणत्या टॉवरच्या हद्दीत आहात हे कंपनीला माहीत असावंच लागतं. जुन्या टूजी यंत्रणेत तर फोन टॉवरपासून किती लांब आहे हे साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांनी मोजलं जातं, जास्तीत जास्त ३५ किलोमीटरपर्यंत. ते कोणावर पाळत ठेवायला नाही, फोनचा संदेश टॉवरला नेमक्या क्षणी पोचावा म्हणून लागतं. लोकेशनचं बटण बंद केल्याने हे थांबत नाही. फोन बंद केला किंवा विमान मोडवर टाकला तरच थांबतं. कॉलच्या नोंदी कंपन्यांना किमान २ वर्षं जपून ठेवाव्या लागतात आणि तपासासाठी पोलिसांना त्या रीतसर मागवता येतात. एवढ्यापुरतं तुमच्या मुलाचं बरोबर आहे.

पण बटणाचा उपयोग नाही, हे मात्र चूक. टॉवरची नोंद एका कंपनीकडे असते, ती मागायला अधिकारी लागतो, कागद लागतो. अ‍ॅपने नेलेली नोंद कोणाकोणाच्या हाती जाते हे तुम्हाला कोणीच सांगत नाही. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने. १५ लाख माणसांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी घेतल्या, नावं नाहीत, नंबर नाहीत, फक्त वेळ आणि टॉवर. कोणत्याही माणसाच्या फक्त ४ वेळा आणि ४ जागा माहीत असल्या की १०० पैकी ९५ जण त्या गर्दीतून वेगळे काढता येत होते. तुमच्यावरच लावून बघा. सकाळी सहाला नदीकाठी फेरी, दहाला वाचनालय, शनिवारी मारुतीचं देऊळ, रात्री घर. अख्ख्या तालुक्यात हे चारही ठिपके जोडणारा दुसरा कोण आहे? नाव कशाला हवं?

आणि बटणावरही डोळे झाकून विसंबू नका. लोकेशन हिस्टरी बंद केली तरी गूगल दुसऱ्या एका सेटिंगखाली ठिकाणं नोंदवत राहतं, हे २०१८ मध्ये उघडकीला आलं. त्यावरून २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. ते दुसरं सेटिंग म्हणजे वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी. गूगल खात्यात जाऊन तेही बघा. मग फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशन उघडा, कोणत्या अ‍ॅपला परवानगी आहे त्याची यादी दिसेल. ज्याच्यापुढे 'कायम' असं असेल ते प्रत्येक अ‍ॅप 'फक्त वापरताना' वर आणा. टॉर्च, पंचांग, कॅल्क्युलेटर यांना तर परवानगीच नको. हवामानाच्या अ‍ॅपला तालुका कळला तरी पुरतं, म्हणून तिथे 'अचूक लोकेशन' बंद करा. शेवटी वाय-फाय स्कॅनिंग नावाचं बटण शोधा. वाय-फाय बंद असलं तरी आसपासचे राउटर हुंगून जागा ओळखायची सोय त्यात असते. सगळ्याला दहा मिनिटं लागतील. चष्मा लावून बसा.

ताई, माझे मिस्टर जहाजावर असतात, नऊ महिन्यांनी येतात. दोन वर्षांपूर्वी जाताना त्यांनी माझ्या फोनमध्ये गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग चालू करून दिलं. आमचं घर खाडीकाठी आहे. गेल्या महिन्यात रात्री दहाला मी पलीकडच्या गावात दिसले. फोन आला, 'फेरीबोट बंद झाल्यावर तू तिकडे काय करतेस?' मी तापलेल्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. व्हिडिओ कॉल करून मूल दाखवलं, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, तेव्हा विश्वास बसला. मी काही चुकीचं करत नाही, तरी आता विहिरीवर गेले तरी फोनकडे बघते. हे त्यांना न कळता बंद करता येईल का?

तुला अगं-तुगं करते, माझ्या मुलीएवढी असशील. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ते घड्याळ दाखवण्याचं वाचून पोटात तुटलं.

आधी ठिपका पलीकडे का गेला ते समजून घे, कारण हे तुला यजमानांनाही समजावायचं आहे. दाभोळ आणि धोपावे डोळ्यांपुढे आणू या, मधे वाशिष्ठीची खाडी. घर जांभ्या दगडाचं, वर कौलं, आजूबाजूला माड आणि मागे डोंगर. आत बसलं की उपग्रहाचा क्षीण संदेश नीट पोचत नाही. मग फोन टॉवरवरून अंदाज बांधतो. आपल्याकडे डोंगर आडवा आला की अलीकडचा टॉवर मिळत नाही, आणि पाण्यावरून पलीकडचा मात्र सरळ दिसतो. फोन त्यालाच धरतो. सड्यावर रेंज घ्यायला जाणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. फोन म्हणतो, मी धोपाव्याच्या टॉवरपाशी आहे, आणि नकाशा तुला तिथे नेऊन ठेवतो. माझ्या एक्स्चेंजमधल्या दिवसांत तर खाडीपलीकडच्या टॉवरवर चिकटलेल्या फोनच्या तक्रारी नेहमीच्याच होत्या.

तू एक करून बघ. माजघरात बसून मॅप उघड. तुझ्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसेल. त्याचा अर्थ, या वर्तुळात कुठेतरी. कधीकधी ते वर्तुळ अख्खी खाडी झाकतं. मग खळ्यात येऊन आकाशाखाली उभी राहा, वर्तुळ आक्रसत जाईल. दोन्ही वेळचे फोटो काढून यजमानांना पाठव. समुद्रावरच्या माणसाला चूक असलेलं माप म्हणजे काय हे लगेच कळेल. त्याच्या फोनवर तुझा चेहरा एका जागी खिळा मारल्यासारखा दिसतो, तिथेच घोटाळा होतो.

आता तुझा प्रश्न. न कळता बंद करता येणार नाही. शेअरिंग थांबवलंस की त्याला तू दिसेनाशी होशील. फोन मुद्दाम घरी ठेवून जाणं, नेट बंद करणं, अशा युक्त्या मी सांगत नाही, कारण एकदा पकडली गेलीस की न केलेल्या चुकीचा पुरावा होईल. बंद करायचं ते सांगून करायचं. ते जमावं म्हणून तुझ्या हाती काही गोष्टी देते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर ८ जुलै २०२४ चा निकाल बघ. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावं. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ती अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट अनुच्छेद २१ खालच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, असं त्यांनी म्हटलं. ज्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे त्याला जे संरक्षण मिळतं, ते घर सांभाळणाऱ्या तुला मागावं लागतंय, याचा मला राग येतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मात्र इथे कामाचा नाही. घरगुती, खासगी कारणासाठी एका व्यक्तीने वापरलेल्या माहितीला त्यातून वगळलं आहे. त्यामुळे हे बोलूनच सोडवावं लागेल.

बोलताना त्याच्याच जहाजाचं उदाहरण दे. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांवरच्या जहाजांवर एआयएस यंत्र सक्तीचं आहे. जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ते आपली जागा सांगत राहतं. तुला ते जहाज वेबसाइटवर बघता येईल. पण बंदरात उतरल्यावर तो कुठे फिरतो, कोणाबरोबर चहा पितो, हे त्यात दिसत नाही. आणि तू कधी विचारलंही नसशील.

आपल्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' असं विचारत नाहीत. माझी आजी त्यावरून ओरडायची. जाणारा 'जाऊन येते' म्हणतो, घरचे 'ये' म्हणतात. त्यात शकुन-अपशकुन असेल नसेल, पण जाणाऱ्याने आपण होऊन सांगायचं, ही रीत मला फार चांगली वाटते. तसंच काहीतरी सुचव. रात्रीच्या एसटीने एकटी येत असशील, फेरीने मुलाला घेऊन डॉक्टरकडे जात असशील, तर तू व्हॉट्सअ‍ॅपवरून लाइव्ह लोकेशन पाठव. त्यात १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास अशा मुदती आहेत, मुदत संपली की ते आपोआप बंद होतं. त्याची काळजी खरी असेल तर एवढ्यात भागेल.

आणि बोलायचीच भीती वाटत असेल, धमकी, मारहाण, पैसे अडवणं यातलं काही असेल, तर ठिपक्याला हातही लावण्याआधी माहेरच्या एका माणसाला सगळं सांग. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तात्काळ मदतीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो. हे फोन शक्यतो शेजारणीच्या मोबाइलवरून कर.

मी हर्णै भागातला तांडेल. बोटीवर ट्रान्सपाँडर आला. आमच्या मासळीच्या जागा आता सगळ्यांना कळणार का? बंद ठेवला तर चालेल? पोरं म्हणतात, जागा मोबाइलवरूनच फुटतात.

तांडेलदादा, बंद ठेवू नका, हे पहिलं. किनारा सोडून थोडं आत गेलं की मोबाइलची रेंज जाते. तिथे हे यंत्र उपग्रहामार्फत निरोप नेतं आणि आणतं, वादळाचा इशारा देतं, संकटात बटण दाबता येतं. इस्रोने विकसित केलेलं हे तंत्र १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख मासेमारी बोटींवर बसवायची योजना आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात तिची सुरुवात झाली. मोठ्या जहाजांवरचं एआयएस उघड्यावर बोलतं, आसपासच्या कोणालाही ऐकू येतं. ट्रान्सपाँडरचा निरोप किनाऱ्यावरच्या केंद्राकडे जातो. त्या केंद्रात तो कोणाला दिसतो, किती दिवस ठेवतात, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एकट्याने विचारू नका, मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

जागेबद्दलची तुमची काळजी मला क्षुल्लक वाटत नाही. सुवर्णदुर्गाचा बुरूज आणि मागच्या डोंगराची सोंड एका रेषेत आणून जाळं कुठे टाकायचं, हे जुने तांडेल मुलाला सांगायचे, जावयाला नाही. ती माहिती म्हणजे घराण्याची कमाई.

पोरं सांगतात त्यात तथ्य आहे. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिले जातात. रेंज नसली तरी लिहिले जातात, कारण उपग्रहाला रेंज लागत नाही. साधा फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर ही माहिती गळून जाते. तोच फोटो चांगला दिसावा म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला की जशीच्या तशी जाते. सुरमईच्या ढिगाचा असा एक फोटो पुरे. बोट सुटायच्या आधी सगळ्या खलाशांच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करून घ्या.

फिरण्याची नोंद ठेवणारी अ‍ॅपंही बघा. स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपने जगभरातल्या धावणाऱ्यांच्या वाटांचा एक नकाशा प्रसिद्ध केला, नावं न देता. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटातले लष्करी तळ त्यात उजळून दिसताहेत, कारण सैनिक तिथे रोज धावत होते. समुद्रात तुमची बोट जिथे तीन-तीन तास घुटमळते, ती जागाही अशीच उजळेल.

बोटीवरच्या जीपीएस संचात साठवलेले पॉइंट विसरू नका. संच दुरुस्तीला देताना किंवा बोट विकताना ते वहीत उतरवा आणि संचातून पुसा. वही घरी. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

मी मालवणचा, मुंबईत शिकतो. माझा जुना फोन आजीला दिला. माझं गूगल खातं त्यात तसंच राहिलं. परवा सहज बघितलं तर आजी कुठे आहे ते मला दिसलं. तिला सांगू का? की गुपचूप राहू दे, काळजीपोटीच तर आहे?

सांग. आजच सांग.

२०१९ मध्ये मलाही असाच भाच्याचा जुना फोन मिळाला होता, त्याच्या खात्यासकट. त्या उन्हाळ्यात मी तीनदा कोल्हापूरला गेले. छातीत गाठ लागली होती. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, आधी अहवाल येऊ दे म्हटलं. रत्नागिरीहून पहाटेची गाडी, संध्याकाळी परत, 'लग्नाची खरेदी' असं सांगून. तिसऱ्या खेपेनंतर भाच्याचा फोन आला. 'मावशी, कॅन्सरच्या हॉस्पिटलात कोण आहे गं?' त्याने कुतूहलाने नकाशा उघडला होता, त्यात माझे तिन्ही दिवस तासांसकट मांडलेले होते. गाठ साधी निघाली. पोरगा प्रेमळ आहे, त्या रात्री रडला. पण ती बातमी मी माझ्या बहिणीला माझ्या तोंडाने सांगणार होते, कोणत्या शब्दांत ते आंबा घाटात बसमध्ये बसून ठरवलं होतं, आणि ती तिला आधीच दुसरीकडून कळली. सात वर्षं होत आली, ते मला अजून लागतं.

तेव्हा तो सगळा इतिहास खात्यातून कुठूनही बघता यायचा. गूगलने ही टाइमलाइन खात्याऐवजी फोनमध्येच ठेवायचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, त्यामुळे आता तेवढं सोपं राहिलेलं नाही. पण हरवलेला फोन शोधायची सोय त्याच खात्यावर चालते, आणि तुला बहुधा तीच दिसली असेल. शिवाय आजीने काढलेले फोटो तुझ्या खात्यात येत असतील, आणि तुझी पत्रं तिच्या फोनवर. दोघांचंही उघडं पडलंय.

गणपतीला घरी जाशील तेव्हा तिच्या शेजारी पडवीत बस. तिचा ठिपका तिलाच दाखव, तिला गंमत वाटेल. मग तिच्या डोळ्यांदेखत तुझं खातं काढ. फोन आधी पूर्ण पुसून घेतलास तर उत्तम, फोटो मात्र आधी उतरवून घे. तिच्या नावाचं नवं खातं उघड, पासवर्ड तिने सांगितलेला ठेव आणि तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहू दे. ती पडली, फोन हरवला, तर कोणाला कळावं, असं तिला विचार. तू, मामा की शेजारची काकू, हे ती ठरवेल. कोणालाच नको म्हणाली तर त्या दिवशी वाद घालू नकोस.